शब्द देणाऱ्या इमारती

आधुनिक वास्तुकला १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी वारली, असे समीक्षक चार्ल्स जेंक्स यांनी १९७७ साली लिहून ठेवले. स्थळ अमेरिकेतले सेंट लुइस शहर. मिनोरू यामासाकी यांनी आखलेल्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीतल्या ११ मजली इमारती सुरुंग लावून पाडल्या जात होत्या, त्याचा हा मुहूर्त. प्रत्यक्षात पाडकाम त्या वर्षीच्या मार्चमध्येच सुरू झाले होते आणि १९७६पर्यंत रेंगाळले. तेव्हा मिनिटापर्यंतची ही अचूकता म्हणजे लेखकाचा खट्याळपणाच. पण गोष्ट इतकी झकास होती की ती वर्गावर्गांत पोहोचली. कोसळत्या इमारतीचे छायाचित्र दाखवायचे, इथे आधुनिकतावाद संपला आणि उत्तर-आधुनिकतावाद सुरू झाला असे सांगायचे आणि फळ्यावर दोन रकाने आखायचे. एकीकडे सपाट पांढरी भिंत, दुसरीकडे नक्षी नि खांब. एकीकडे गांभीर्य, दुसरीकडे थट्टा. एकीकडे एकच सत्य, दुसरीकडे अनेक. आपल्याकडच्या समीक्षेतही हे रकाने बरेच फिरले आहेत. त्यांत तथ्य आहे, पण मुख्य फरक त्यांतून निसटतो. आधुनिकतावादाने, निदान वास्तुकलेत, लोकांना शब्द दिला होता, आणि तो पाळला की मोडला हे कोणालाही तपासता येत होते. उत्तर-आधुनिकतावादाने शब्द द्यायचेच नाकारले. म्हणून पहिल्याची हार मोजता येते. दुसऱ्याची हार कशाला म्हणायचे हेच ठरत नाही.

हा शब्द कोणता होता, ते क्षयरोगाच्या इतिहासात चांगले दिसते. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडले १९४३ साली. तोवर डॉक्टरांच्या हाती ऊन, मोकळी हवा आणि विश्रांती यांपलीकडे फारसे काही नव्हते. युरोपातल्या औद्योगिक शहरांतल्या कामगारवस्त्यांमध्ये नेमके हेच मिळत नव्हते. मोठ्या खिडक्या, सपाट गच्च्या, पांढऱ्या भिंती, धूळ साचू न देणारे कोपरे ही आधुनिक वास्तुकलेची ओळख बऱ्याच अंशी या भयातून घडली. फिनलंडमधल्या पायमिओ इथे आल्वार आल्टो यांनी बांधलेले क्षयरोग्यांचे रुग्णालय १९३३ साली पुरे झाले. रुग्ण दिवसदिवस उताणा पडून राहणार, म्हणून त्यांनी छताला डोळ्यांना त्रास न होणारा गडद रंग दिला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची झोप मोडू नये, म्हणून पाणी आवाज न करता पडेल असे बेसिन घडवले. खुर्चीच्या पाठीचा कलही श्वास घ्यायला सोपे जावे अशा बेताने ठरला. त्याआधी, १९२६ साली, मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या तरुण वास्तुकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नगरपालिकेच्या घरांसाठी जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखले. बाईच्या फेऱ्या वाचाव्यात, हात पोहोचेल तिथे डबा असावा, हा त्यामागचा हिशेब. दहा हजारांच्या आसपास घरांत ते बसवले गेले. नक्षीकामाला गुन्हा ठरवणाऱ्या आडोल्फ लूस यांचा मुद्दाही नुसत्या अभिरुचीचा नव्हता. नक्षीत कारागिराचे तास जातात आणि त्या तासांचे मोल त्याला मिळत नाही, हे त्यांचे अर्थशास्त्र होते. यातले काहीही पटो वा न पटो, प्रत्येक ठिकाणी वापरणारा माणूस डोळ्यांसमोर आहे आणि त्याला काहीतरी देऊ केले आहे.

आता दुसरी बाजू. रॉबर्ट व्हेंचुरी यांनी १९६६ साली पुस्तक लिहून आधुनिकांच्या कोरडेपणावर हल्ला चढवला. वास्तूत गुंतागुंत असावी, विसंगती असावी, जुन्याचे संदर्भ असावेत, ही त्यांची मागणी रास्त होती. १९७२ साली डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांच्यासह त्यांनी लास वेगासच्या झगमगत्या पाट्यांचा गांभीर्याने अभ्यास मांडला. १९७९ साली फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांनी महाकथनांवरचा अविश्वास हीच उत्तर-आधुनिक अवस्था असे म्हटले. मानवजात प्रगतीकडे चालली आहे, विवेक तिला मुक्त करील, या मोठ्या गोष्टींवरचा विश्वास उडाला आहे, हे त्यांचे निदान. शब्द देण्यामागचे बळ अशा मोठ्या गोष्टींतूनच येते. ते ओसरले की उरतात संदर्भ, कोट्या, उसनी रूपे.

व्हेंचुरींची फिलाडेल्फियातली गिल्ड हाऊस ही वृद्धांसाठीची इमारत या दृष्टीने मोठी बोलकी आहे. तिच्या माथ्यावर त्यांनी सोनेरी रंगाचा टीव्हीचा अँटेना शिल्पासारखा उभारला होता. तो चालणारा नव्हता; म्हातारी माणसे टीव्हीच पाहत बसतात, असा त्याचा इशारा. समीक्षक या अँटेनावर वर्षानुवर्षे लिहीत आले. पण त्याच इमारतीचा पुढचा भाग व्हेंचुरींनी पायरीपायरीने मागे सरकवला आहे, जेणेकरून जास्तीत जास्त घरांच्या खिडक्यांना उजेड मिळावा. अँटेना उत्तर-आधुनिक, उजेड मात्र जुन्या शब्दाला जागणारा. या चळवळीतल्या चांगल्या इमारती पाहत गेले तर बऱ्याच ठिकाणी असेच आढळते. थट्टा दर्शनी भागात आणि राहण्याची सोय गपचूप आधुनिकांकडून घेतलेली.

फिलिप जॉन्सन यांची कारकीर्द तर या विषयाचा धडाच म्हणावी. १९३२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी हेन्री-रसेल हिचकॉक यांच्यासह भरवलेल्या प्रदर्शनाने युरोपातली नवी वास्तुकला अमेरिकेला दाखवली. त्यात घरबांधणीचा एक विभाग होता, पण तो लुइस मम्फर्ड यांच्याकडे. जॉन्सन-हिचकॉक यांचा जीव रूपात अडकलेला. कामगारांची घरे आणि उन्हाचे हिशेब मागे पडून एक देखणी शैली तेवढी अटलांटिक ओलांडून आली. त्याच जॉन्सन यांनी १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये एटीअँडटी कंपनीची उत्तुंग इमारत पुरी केली. तिच्या माथ्यावर जुन्या इंग्रजी कपाटावर असते तशी मधोमध तुटलेली त्रिकोणी शिरोपट्टी आहे. उत्तर-आधुनिकतावादाचा विजय म्हणून तिचा गाजावाजा झाला. माझ्या मते जॉन्सन यांच्यात अर्ध्या शतकात फारसे काही बदललेच नव्हते. ज्याने शब्द वगळून नुसते रूप घेतले, त्याला पुढे रूप बदलताना अडचण कसली?

आता प्रुइट-आयगोकडे परतायला हवे, कारण आधुनिकतावादाविरुद्धचा सगळा खटला या एका साक्षीवर उभा आहे. वसाहतीत ३३ इमारती होत्या. यामासाकी यांच्या मूळ आराखड्यात उंच इमारतींबरोबर बैठ्या घरांचीही योजना होती. घनता वाढवा म्हणून ती नाकारली गेली. मग खर्चाला कात्री लागली. तळमजल्यावरची स्वच्छतागृहे गेली, झाडेझुडपे गेली, कुलपे आणि मुठीसुद्धा हलक्या प्रतीच्या बसल्या. बांधायला केंद्र सरकारचा पैसा होता, पण देखभाल भाडेकरूंच्या भाड्यातून व्हायची होती. सेंट लुइसची लोकसंख्या १९५० साली साडेआठ लाखांहून अधिक होती, ती १९७०पर्यंत सव्वासहा लाखांच्या खाली आली. गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, नोकऱ्याही गेल्या, आणि मागे उरलेल्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांच्या भाड्यावर लिफ्ट आणि बॉयलर चालवायचे होते. कॅथरिन ब्रिस्टल यांनी १९९१ साली हे सगळे मांडून दाखवले की वास्तुरचनेवर खापर फोडल्याने वर्णभेद आणि सरकारी धोरण दोन्ही सहीसलामत सुटतात. रचनेत दोष नव्हते असे मात्र नाही. लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची, आणि बाकीच्यांना जिन्यात काळोखाशी व लुटारूंशी गाठ पडायची. तो दोष आधुनिकांच्या पदरी घातलाच पाहिजे.

पण तो घालता येतो, हेच तर महत्त्वाचे आहे. माणसे इथे चांगली राहतील असे सांगितले होते. ती राहू शकली नाहीत. म्हणून इमारत फसली. तुलनेसाठी न्यू ऑर्लिन्समधला चार्ल्स मूर यांचा पियाझ्झा दि’इटालिया घ्या. निऑन दिव्यांचे रोमन खांब, कारंजी, इटलीच्या नकाशाचे आकार असलेला हा चौक १९७८ साली उभा राहिला आणि काही वर्षांतच दुर्लक्षाने मोडकळीला आला. मायकेल ग्रेव्हज यांची पोर्टलंडमधली सरकारी कचेरी १९८२ची. रंगीत दर्शनी भागामुळे ती जगप्रसिद्ध झाली, पण तिच्या चिमुकल्या खिडक्यांमुळे आतले कर्मचारी अंधारात बसत, आणि पाणीही गळे. २०२० साली पुऱ्या झालेल्या दुरुस्तीत तिच्यावर बाहेरून नवे आवरणच चढवावे लागले. इथे अमुक वाजून तमुक मिनिटांनी उत्तर-आधुनिकतावाद मेला, असे कोणी लिहिले नाही. लिहिणार तरी कशाच्या आधारावर? उजेड देऊ, असे या इमारतीच्या कीर्तीत कुठेच म्हटलेले नव्हते.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की शब्द देणाऱ्यांनी तो ऐकणाऱ्यांना कधी विचारलेच नाही. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी १९२५ साली पॅरिसचा जुना मध्यभाग भुईसपाट करून तिथे १८ प्रचंड मनोरे उभारण्याची योजना मांडली. पुढे नाझींशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारच्या दारात ते कामासाठी खेटे घालत होते. त्यांनी आखलेल्या चंडीगढमध्ये सगळ्या श्रेणींच्या सरकारी नोकरांसाठी घरे आखली गेली, पण शहर बांधणाऱ्या मजुरांसाठी आराखड्यात जागा सापडली नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. लोकांचे हित लोकांपेक्षा आपल्याला जास्त कळते, ही आधुनिकांची घमेंड होती. उत्तर-आधुनिक टीकेने ती फोडली, हे तिचे खरे कर्तृत्व. मात्र त्या फटीतून काय आत आले तेही पाहायला हवे. चंडीगढमध्येच सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक नेक चंद यांनी सरकारी जमिनीवर गुपचूप एक बाग रचली. शहरासाठी उठवलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे यांतून माणसे आणि प्राणी उभे केले. १९७६ साली ती लोकांसाठी खुली झाली. तुकड्यांतून घडलेली म्हणून तिला उत्तर-आधुनिक म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. पण तिथे उपरोध नाही, अवतरणचिन्हे नाहीत. फेकून दिलेल्याला जागा देण्याचे काम तिथे निमूटपणे चाललेले दिसते, आणि कॉर्बुझिए यांच्या शहरात राहून गेलेली उणीव ती बाग भरून काढते. शब्द अपुरा होता तर तो पुरा करावा लागतो. शब्द ही गोष्टच खुळी, असे त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या जवळचा आहे. लोकांना खांब आवडतात, कमानी आवडतात, मग तुम्ही नाक मुरडणारे कोण? पवईची हिरानंदानी वसाहत हे त्याचे ठळक उदाहरण. आर्किटेक्ट हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी तिथे आरसीसीच्या सांगाड्यांवर ग्रीक-रोमन खांब आणि कमानी चढवल्या. समीक्षक हसले, पण लोकांना ती वसाहत मनापासून आवडली. लोकांची ही आवड खोटी आहे असे मी म्हणणार नाही. रुंद रस्ते, चालायला पदपथ, झाडे, इमारतींमध्ये अंतर हे सगळे मुंबईत दुर्मीळच. पण ही यादी पुन्हा वाचून पाहा. हिरवळीतले उंच मनोरे, वेगळे काढलेले रस्ते, आखीव वसाहत हा सगळा आधुनिकांचा कार्यक्रम आहे. पवईचा तोंडवळा रोमचा आणि हाडे कॉर्बुझिए यांची. लोक तिथे खांबांमुळे सुखात आहेत की अंतरामुळे, हे कळायला खांबांशिवायचे अंतर आणि अंतराशिवायचे खांब शेजारी ठेवून पाहावे लागेल. मुंबईत दुसऱ्या प्रकारचा तुटवडा नाही.

आणि अंतरही नाही, खांबही नाहीत, तेव्हा काय होते ते गोवंडी-मानखुर्दला कळते. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी हलवलेल्या झोपडीवासीयांना नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींत घरे मिळाली. काही ठिकाणी दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने या भागातल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला, तेव्हा जिथे ऊन आणि वारा पोहोचत नाही अशा घरांत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षयाचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले. पायमिओनंतर तीन पिढ्यांनी, औषध हाताशी असताना, गोष्ट पुन्हा उन्हावर आली. या पेट्यांसारख्या इमारती म्हणजे आधुनिकतावादाचीच औलाद, असे कोणी म्हणेल. दिसायला आहेतच. पण ज्या एका कारणासाठी त्या रूपाचा जन्म झाला, तेच कारण यांतून काढून टाकले आहे. गोवंडीच्या इमारती कोणा उत्तर-आधुनिकतावाद्याने बांधल्या नाहीत. चटईक्षेत्राचे गणित (एफएसआय), हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) आणि फुकटात घर देतोय ना, ही मनोवृत्ती यांनी त्या बांधल्या. माझे म्हणणे एवढेच की अशा इमारतीला जाब विचारायचा तर हाताशी आधुनिकांचेच माप असावे लागते. इमारत म्हणजे चिन्हांचा खेळ, असे मानणाऱ्या समीक्षेला गोवंडीत वाचण्यासारखे काहीच सापडणार नाही, कारण तिथे चिन्हेच नाहीत.

साहित्याच्या बाजूनेही एक आक्षेप येतो. परिघावरच्या आवाजांना वाट मिळाली ती महाकथने कोसळल्यामुळे. दलित साहित्य, स्त्रीवादी लेखन हे त्या पडझडीचे फळ, असे आपल्याकडे अनेकदा मांडले जाते. ही मांडणी तारखांशी जुळते, आशयाशी नाही. सेंट लुइसमध्ये सुरुंग लागत होते त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर ही संघटना स्थापन झाली आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. ढसाळांची भाषा प्रमाण मराठीचे कुंपण तोडते, हे खरे. पण समता, बंधुता, माणसाची प्रतिष्ठा या मोठ्या कथनांवरचा विश्वास तिथे उडालेला नाही. आंबेडकरांनी ज्यांवर भर दिला ती हीच तत्त्वे आहेत, आणि ढसाळांचा संताप ती मोडल्याचा आहे. ज्याला शब्दच मिळाला नाही, त्याला शब्दभंगाचा असा राग येत नाही. तेव्हा दलित साहित्य हे आधुनिकतेला तिच्याच वचनाने पकडणारे साहित्य आहे, असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते. जर्मन तत्त्वज्ञ युर्गन हाबरमास यांनी १९८० साली आधुनिकतेला अपुरा राहिलेला प्रकल्प म्हटले, ते युरोपच्या संदर्भात. मराठीत तो अपुरेपणा कुठे आहे हे पँथरच्या तरुणांनी त्याआधीच रस्त्यावर उतरून सांगितले होते.

चित्रकलेत माझा युक्तिवाद इतका घट्ट बसत नाही, हेही सांगायला हवे. मार्सेल द्युशाँ यांनी १९१७ सालीच मुतारीचे भांडे प्रदर्शनासाठी पाठवले. थट्टा, उसनवारी, कलाकृतीच्या पावित्र्यावर शंका हे सगळे त्यात आले होते, आणि आधुनिकांच्या ऐन भरात आले होते. चित्रात कोणी राहायला जात नाही, त्यामुळे मोडलेला शब्द तिथे कोणाच्या छातीत खोकला होऊन बसत नाही. द्युशाँमुळे काळाची रेघ मात्र पुसली जाते. एका तारखेला एक संपले आणि दुसरे सुरू झाले, असे नाही. शब्द देणारे आणि शब्दांवर हसणारे तेव्हाही शेजारीशेजारी होते, आजही आहेत.

या दोघांच्या मधले काही शक्य आहे का, याचे एक उत्तर नवी मुंबईत सापडते. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आखली. सात-सात घरे एका लहानशा चौकाभोवती, असे चौक मिळून मोठा चौक. कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला जोडलेली नाही, म्हणजे कोणालाही न विचारता आपले घर वाढवता यावे. लोकांना विचारत नाहीत, या आक्षेपाला कोरियांनी दिलेले हे उत्तर म्हणता येईल, आणि तेही सूर्य, वारा, मोकळी जागा यांचा हिशेब न सोडता दिलेले. प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यान ठेवले होते, म्हणजे कमी आणि बऱ्या मिळकतीची कुटुंबे फार मोठ्या तफावतीशिवाय एकत्र राहावीत. आज तिथे मूळ घरे शोधावी लागतात. लोकांनी ती पाडून दोन-दोन, तीन-तीन मजली बंगले बांधले, काहींनी खांबही लावले. घर वाढवण्याचा शब्द पुरेपूर पाळला गेला. जागेचे भाव चढत गेले तसा गरिबाला शेजारी ठेवण्याचा शब्द मात्र टिकला नाही, आणि त्याचा जाब आर्किटेक्टपेक्षा जमिनीचे धोरण ठरवणाऱ्या सिडकोला आणि सरकारला विचारायला हवा. विचारायचाच झाला तर आराखडा उपलब्ध आहे, त्यावर प्लॉटचे आकार लिहिलेले आहेत.